अर्जदार आई

सरोजला तंद्री लागायची, आणि ती लहानपणापासूनच. माहेरी सगळ्यांना हे ठाऊक होतं, सासरीही लग्नानंतर लवकरच कळलं. बोलता बोलता तिची नजर कशावर तरी ठरायची, हातातलं काम हातातच राहायचं, आणि कितीही हाका मारल्या तरी ती परत यायची ती आपल्या वेळेनेच.

"कुठे गेलेलीस?" तिचा नवरा पंढरी विचारायचा.

"इथेच होते की," ती म्हणायची.

ते खरंही असायचं. ती फार लांब कधी जातच नसे. कपड्यावरचा पिवळाधमक हळदीचा डाग साबण लागताच लालभडक का होतो आणि तोच डाग दिवसभर उन्हात वाळला की नाहीसा कसा होतो, एवढ्यापाशीच ती थांबलेली असे. गावाहून आलेल्या कोकमाच्या आगळात एकदा चुकून खायच्या सोड्याची चिमूट पडली, तर त्या लालबुंद आगळाचा रंग बदलत बदलत शाईसारखा होत गेला. पंढरी आणि सान्वी जेवायला बसून कढीची वाट बघत होते आणि ही बाई वाटी उजेडात धरून बघत बसली होती.

डोंबिवली पश्चिमेला, कोपरला खाडीच्या अंगाला असलेल्या एका जुन्या इमारतीत ते तिघं राहायचे. पंढरी शाळेची बस चालवायचा. मूळचा माणदेशातला, कमी बोलणारा, पण बोलला की मोजकं आणि बरोबर. सरोज घरीच साड्यांना फॉल लावून द्यायची, पिको करून द्यायची. आजूबाजूच्या बायका दुसरीकडे जात नसत, कारण साडीच्या रंगाला तंतोतंत जुळणारा दोरा सरोजकडेच मिळायचा. चिंतामणी आणि मोरपंखी यांच्या मधला, आमसुली असून डाळिंबीकडे झुकलेला, उन्हात अबोली आणि ट्यूबलाइटखाली गाजरी दिसणारा, असे सगळे रंग तिच्या डब्यात रिळांवर गुंडाळून ठेवलेले होते. दुपारी खिडकीशी मशीन लावून बसली की खाडीवरून खारट वारा यायचा, पलीकडे तिवरांची हिरवी रेघ दिसायची, आणि सुईखालून साडी वाहत राहायची. अशा वेळी आपण शिवतोय की पाण्यावरून चाललोय हे तिचं तिलाच कळत नसे.

रंगांचं हे वेड तिच्या घरातच होतं म्हणायचं. तिचे वडील, दगडू परब, तरुणपणी कुडाळकडून ठाण्याला आले आणि कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात लागले. कापड रंगवायला जी पूड लागते ती तिथे व्हायची. पिठाहून हलकी पूड. घरी येऊन ते साबणाने घसघसून आंघोळ करायचे, रंग गेला असं वाटायचं, पण झोपेत घामाबरोबर तो पुन्हा वर यायचा. सकाळी उशीचा अभ्रा कधी निळसर, कधी गुलाबी. चाळीतल्या बायका दोरीवरचा अभ्रा बघून सांगायच्या, की या आठवड्यात कारखान्यात कुठला रंग चालू आहे. लहान सरोज वडिलांच्या कानामागची न निघालेली निळाई बोटाने पुसायचा प्रयत्न करायची आणि विचारायची, "बाबा, ह्यो रंग जाईत कसो नाय?"

"माका काय ठावक, बाय," दगडू हसून म्हणायचे. "साहेबाक विचारूक होया."

साहेबाला विचारायला ते कधी गेले नाहीत. पुढे ते खोकून खोकून गेले. त्यांची छाती त्या पुडीने पोखरली की बिडीने, याचा निकाल कुणी लावला नाही. सरोज तेव्हा नुकतीच बारावी सायन्स पास झाली होती. तोवर कारखानाही बंद पडला होता. तिला कॉलेजात रसायनशास्त्र घ्यायचं होतं, पण कुठे विचारायचं, कुणाकडे मदत मागायची, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मग भावाची नोकरी, आईचं आजारपण, पाठोपाठ पंढरीचं स्थळ. कुणी तिला शिकू नको म्हटलं नाही. फक्त शिक म्हणणारंही कुणी उरलं नाही. कारखान्याच्या जागी आता कोलशेतला उंच उंच टॉवर उभे आहेत. तिथून जाताना ती मान वर करून खिडक्या बघते, पण तिला आठवतो तो कुंपणाच्या कडेने वाहणारा ओहोळ, रोज वेगळ्या रंगाचा.

सान्वी झाली आणि मोठी होत गेली, तशी सरोजची सगळी स्वप्नं हळूहळू तिच्या अंगावर येऊन बसली, चिमण्या तारेवर बसतात तशी, आवाज न करता. सान्वी आईसारखी नव्हती. तंद्री वगैरे तिला ठाऊकच नव्हती. भाजीवाल्याचा हिशेब ती त्याच्याआधी तोंडी करायची, वडिलांच्या बसच्या डिझेलचा अंदाज तीच सांगायची. पण दहावीला मार्क चांगले पडले, आई म्हणाली सायन्स, आणि तिने सायन्स घेतलं. अकरावी-बारावीची रसायनशास्त्राची पुस्तकं घरात आली ती आधी सरोजने वाचली. फॉलचं काम संपलं की ती एकेक धडा घेऊन बसायची आणि सान्वीला म्हणायची, "अगं, बघ तरी, किती छान लिहिलंय!" सान्वी बघायची. तिला त्यात छान काही दिसायचं नाही, पण आईचा चेहरा दिसायचा.

बारावीचा निकाल लागला. मार्क बरे होते. ठाण्याच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश मिळण्यासारखा होता, पण फी, पुस्तकं, रोजचं येणं-जाणं हे सगळं पंढरीच्या पगारात बसवायचं म्हणजे ओढाताणच. तेव्हा इमारतीतल्या एका बाईंनी सांगितलं, की नौपाड्यात एक विद्यार्थी मदत मंडळ आहे. अर्ज करायचा, मग त्यांची माणसं घर बघायला येतात, मुलाखत घेतात, आणि मूल खरंच शिकणारं असेल तर पदवीपर्यंतचा खर्च उचलतात.

सरोज कामाला लागली. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कल्याणला तहसील कचेरीत हेलपाटे घातले. एकदा सर्व्हर बंद, एकदा रेशन कार्डावर नाव वेगळं, एकदा साहेब मीटिंगला. एरवी बसमध्ये चढतानाही तंद्रीत असणारी ही बाई त्या खिडकीसमोर मात्र अशी जागी उभी राहायची, की शेवटी तिथला कारकूनच म्हणाला, "ताई, तुमचा झाला की मी स्वतः फोन करतो, तुम्ही बसा खाली." झेरॉक्स, फोटो, बोनाफाइड, सगळं तिने गोळा केलं. सान्वीने सही तेवढी केली. तिचा चेहरा उतरलेला होता, पण सरोजला वाटलं, निकालाचा शीण असेल.

घर बघायला शुभदाताई आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. पूर्वी ठाण्यातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. जिना चढून आल्या तेव्हा दम लागला होता, पण खुर्चीत बसायच्या आधी खिडकीशी गेल्या आणि म्हणाल्या, "काय सुरेख दिसते हो तुमच्याकडून खाडी!" सरोजला त्या तिथेच आवडल्या.

पाणी झालं, पोहे झाले. मग त्यांनी सान्वीला जवळ बसवून विचारलं, "रसायनशास्त्रच का घ्यावंसं वाटलं तुला?"

"आवडतं म्हणून," सान्वी म्हणाली.

"काय आवडतं त्यातलं?"

सान्वीने आईकडे पाहिलं. तिच्या बाजूने सरोज म्हणाली, "अहो, तिला ना, रंग कसे बदलतात त्याचं फार आहे. म्हणजे आम्लात एक रंग, अल्कात दुसरा. आपली हळदच बघा ना. साबण लागला की लाल होते, आणि लिंबू पिळलं की परत पिवळी. म्हणजे ती लाल झाली तेव्हा मेली नव्हती, नाही का? आत होतीच पिवळी. मग नक्की काय बदललं? आणि उन्हाने जाते ती मात्र परत येत नाही. ते वेगळं काहीतरी असणार. पुस्तकात तेवढं दिलेलं नाही, पुढच्या वर्षांना असेल..."

बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की इतका वेळ आपणच बोलतोय. शुभदाताई तिच्याकडे टक लावून बघत होत्या. पंढरी दारात उभा होता, हातात बसची किल्ली. आणि सान्वीच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मॅडम," सान्वी म्हणाली, "हे सगळं ना, आईचं आहे. मला नाही आवडत केमिस्ट्री. मी ट्राय केलं, खरंच. मला बी.कॉम. करायचंय. इथे स्टेशनजवळ एक टॅक्सवाले आहेत, त्यांच्याकडे मी विचारून पण आलेले. सकाळी कॉलेज, दुपारी त्यांच्याकडे काम शिकायचं. ते हो म्हणालेत. मला तुमची मदत नको, म्हणजे... सॉरी. दुसऱ्या कुणाला तरी द्या."

सरोज उठली आणि आत गेली. ओट्यापाशी उगाचच कपबशा हलवत राहिली. राग आला नव्हता. आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलो होतो आणि आता दिवे लागलेत, असं काहीतरी वाटत होतं.

जरा वेळाने शुभदाताईच आत आल्या. स्वयंपाकघर ते केवढं, दोन बायका उभ्या राहिल्या की भरलं.

"तुमची बारावी झालीय?"

"झालीय. सायन्स. पण त्याला आता जमाना झाला."

"मग तुम्हीच का अर्ज करत नाही?"

सरोज हसली. थट्टाच वाटली तिला. पण शुभदाताई हसत नव्हत्या. "आमच्या नियमांत वयाची अट नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे घालायची कधी वेळच आली नाही. देतील की नाही मी सांगू शकत नाही. मी एकटी ठरवत नाही. पण अर्ज तर करता येतो ना?"

त्या गेल्या. संध्याकाळी सरोज खिडकीत बसली होती, तर सान्वी येऊन तिला चिकटून बसली.

"दोन वर्षं का बोलली नाहीस गं?" सरोजने विचारलं.

"तू माझी पुस्तकं वाचायचीस ना, तेव्हा इतकी खूश असायचीस," सान्वी म्हणाली. "मी सोडलं असतं तर पुस्तकं पण गेली असती."

पंढरी टीव्ही बघत होता. टीव्हीकडेच बघत म्हणाला, "जा की. मी काय अडवलंय?"

"आणि घर?"

"घर कुठं पळून जातंय? माझ्या जेवणाचं मी बघतो. भाकऱ्या येतात मला. तुझ्याहून चांगल्या येतात."

हे मात्र खरं होतं.

त्यानंतरचे दिवस सरोजला आठवतात ते धुक्यातल्यासारखे. माळ्यावरच्या ट्रंकेत बारावीची गुणपत्रिका निघाली. मधली वर्षं शिक्षण का थांबलं याचं प्रतिज्ञापत्र करायला हवं होतं. वकिलाच्या टेबलावर टायपिस्टने विचारलं, "कारण काय लिहू?" सरोज विचारात पडली. खूप आठवलं, पण एका ओळीत मावेना. "घरगुती लिहितो," म्हणत त्यानेच टाइप केलं. कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवर बाई म्हणाल्या, "मुलीला पाठवा, सही तिची लागेल." "मीच आहे," सरोज म्हणाली. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, मग कागदावरचा फोटो पाहिला, आणि शिक्का मारला. बाहेर पडताना आवारातल्या मोठ्या झाडाखाली मुलं वडापाव खात उभी होती. त्यांच्यामधून चालताना सरोजला वाटलं, आपले पाय जमिनीला नीट लागत नाहीयेत. कुणी हाक मारून "अहो काकू, कुठे?" असं विचारेल आणि आपण जागे होऊ.

मुलाखत मंडळाच्या नौपाड्यातल्या कार्यालयात होती. लांबट टेबल, त्याच्या एका बाजूला पाच-सहा ज्येष्ठ मंडळी, त्यांत शुभदाताई. बाहेरच्या बाकावर सगळी अठरा वर्षांची मुलं, आईवडिलांबरोबर. सरोजबरोबर सान्वी आली होती. शेजारच्या एका आईने सान्वीलाच धीर दिला, "घाबरू नको हं बाळा."

आत मुख्य प्रश्न विचारले ते हरिहररावांनी. बँकेतून निवृत्त झालेले, पांढरा इस्त्रीचा शर्ट, बोलणं स्वच्छ.

"बाई, तुम्ही पदवीधर व्हाल तेव्हा पंचेचाळिशीला आलेल्या असाल. पुढे काय करणार?"

सरोजने घरी उत्तर तयार केलं होतं. प्रयोगशाळेत सहायक, शिकवण्या, असं काही काही. पण तिथे बसल्यावर ते तिला खोटं वाटलं. "माहीत नाही," ती म्हणाली. "माझे वडील रंगाच्या कारखान्यात होते. त्यांच्या अंगावर काय बसायचं, ते जायचं का नाही, ते त्यांना कधीच कळलं नाही. मलाही माहीत नाही. मला ते कळायला हवंय. त्याने पुढे काय होईल हे आत्ता सांगितलं तर ते उगाच सांगितल्यासारखं होईल."

हरिहररावांनी पेन खाली ठेवलं. "प्रामाणिक आहात. मीही प्रामाणिकपणे सांगतो. लोक आम्हाला देणग्या देतात त्या मुलांसाठी. बाहेर बाकावर बसलीत ती. तुम्हाला दिलं तर त्यांतल्या एकाची जागा जाईल. ते मूल शिकलं तर त्याचं घर वर येतं. तुम्ही शिकलात तर तुम्हाला समाधान मिळेल. या दोन गोष्टी सारख्या आहेत असं मला वाटत नाही."

शुभदाताई काहीतरी म्हणणार होत्या, पण त्याआधी सरोजच म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." आणि ते तिला खरंच बरोबर वाटलं होतं. बाहेरच्या बाकावर एक मुलगा होता, खडवलीहून आलेला, त्याचे बूट त्याच्या पायांना मोठे होते. तो तिच्या डोळ्यांसमोर आला. "एखाद्या मुलाची जागा जाणार असेल तर मला नको. सगळ्यांचं झालं आणि काही उरलं तर बघा. नाहीतर राहू दे." तिने नमस्कार केला आणि बाहेर आली.

"काय झालं?" सान्वीने विचारलं.

"चांगली माणसं आहेत," सरोज म्हणाली.

परतीच्या गाडीत दुपारची वेळ म्हणून जागा मिळाली. मुंब्र्याच्या पुढे खाडी लागली तशी ती बाहेर बघत बसली. ओहोटी होती. उघड्या पडलेल्या चिखलावर आभाळाचा रंग सांडला होता, करडा, मग मोतिया, मग ज्याला नावच नाही असा. अशा रंगाचा दोरा आपल्या डब्यात नाही, तिच्या मनात आलं. वाईट वाटायला हवं होतं, पण ते वाटेना. आपण निदान मागितलं तरी, एवढं तिला कळत होतं. वडिलांनी कधी मागितलं नव्हतं. तिनेही कधी नव्हतं.

पुढचे आठवडे ती पुन्हा मशीनवर बसली. सान्वीचं बी.कॉम. सुरू झालं, टॅक्सवाल्यांकडचं कामही. घरी येऊन ती इतकं बोलायची, की पंढरी म्हणायचा, "ही आपलीच ना?" कॉलेजातला प्रवेश सरोजने रद्द केला नव्हता, बी.एस्सी.चे वर्ग अजून सुरू व्हायचे होते. कॉलेजने फी हप्त्याने भरायची सवलत दिली होती, आणि पहिला हप्ता तिने फॉल-पिकोच्या पैशांच्या डब्यातून भरून टाकला होता. पुढचा कुठून येणार याचा विचार तिने मुद्दाम केला नव्हता. काही गोष्टींकडे सरळ बघितलं की त्या नाहीशा होतात, म्हणून ती तिरकी बघत होती.

श्रावणातल्या एका सकाळी फोन आला. पलीकडे हरिहरराव होते.

"मुलांची यादी पूर्ण झाली. कुणाचीही जागा न घेता एक नाव घेता येईल असं निघालं. काल मतदान झालं. तुमचं नाव मंजूर झालंय."

सरोजने मशीन थांबवलं.

"मी विरोधात मत दिलं," हरिहरराव म्हणाले. "ते तुम्हाला माझ्याकडूनच कळावं म्हणून मी फोन केला. माझं मत बदललेलं नाही. पण ठराव झाला म्हणजे झाला. आता नापास होऊ नका."

"नाही होणार," सरोज म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर पिकोच्या मशीनवर डोकं टेकून रडली. साडी दुसऱ्या कुणाची होती हे लक्षात आलं तेव्हा घाईघाईने पदर बाजूला केला.

मंडळाची एक रीत होती. मदत मिळणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मंडळाचा एक कार्यकर्ता पालक म्हणून नेमून द्यायचा. अभ्यास कसा चाललाय, तब्येत कशी आहे, महिन्यातून एकदा विचारायचं. सरोजला पालक मिळाल्या त्या शुभदाताई. आईवडील दोघंही गेल्यावर, मुलगी कॉलेजात जायला लागल्यावर, आपल्याला पालक मिळाले याचं तिला इतकं हसू आलं, की ती आठवडाभर ज्याला त्याला सांगत सुटली. शुभदाताईही पहिल्याच भेटीत 'अहो'वरून 'अगं'वर आल्या. "अगं सरोज, डबा नेतेस ना? कॅन्टीनचं तेलकट खाऊ नकोस हं."

कॉलेज सोपं गेलं असं म्हणता येणार नाही. वर्गात मुलं तिला आधी मॅडम समजून उठून उभी राहिली, मग काकू म्हणाली, मग नुसतं सरोजताई. फळ्यावरचं इंग्रजी भराभर पुसलं जायचं. ती मराठीत लिहून घ्यायची आणि घरी येऊन शब्दकोशात शोधायची. प्रयोगशाळेत मात्र तिचा हात कुणापेक्षा कमी नव्हता. थेंब थेंब सोडायचं काम तिला जमायचं, फक्त मधेच रंग बघत राहिल्यामुळे थेंब जास्त पडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून करावं लागायचं. तिचा जोडीदार प्रितम कपाळावर हात मारायचा. "ताई, यार, परत ट्रान्समध्ये गेलात!"

पहिल्या सत्रात ती गणितात नापास झाली. बाकी सगळ्यांत पास, गणितात केटी. निकाल बघून तिला पहिले आठवले ते हरिहरराव. शुभदाताईंना सांगून मागे राहता आलं असतं, पण तिने सरळ त्यांनाच फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "हं. पुन्हा परीक्षा कधी?"

तिने सांगितलं.

"मग अजून वेळ आहे," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मग सान्वीने शिकवायला घेतलं. रविवारी सकाळी चहा झाला की दोघी ओट्यापाशीच वही पसरून बसायच्या. "आई, बाहेर बघू नको. इकडे बघ. हे जे चढत चाललंय ना, ते किती वेगाने चढतंय, एवढंच विचारलंय. बाकी काही नाही." सरोजला गणित तोवर म्हणजे नुसता आकड्यांचा ढीग वाटायचा. कशाचा तरी वेग त्यात आहे, हे तिला मुलीने सांगितलं तेव्हा कळलं. पाणी तापतं, रंग उतरतो, भरती चढते, त्या सगळ्याचा वेग असाच मांडता येतो म्हणे. दुसऱ्या खेपेला ती पास झाली. फार मार्क नव्हते, पण पास. पंढरीने त्या दिवशी बाजरीच्या भाकऱ्या आणि ठेचा केला, आणि खरंच त्या तिच्याहून चांगल्या झाल्या.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात कॉलेजची मुलं खडवलीला गेली, नदीच्या पाण्याचे नमुने घ्यायला. ऋजुता मॅडम बरोबर होत्या, सान्वीपेक्षा पाच-सात वर्षांनीच मोठ्या असतील. स्टेशनावरून शेतांतून चालत सगळी नदीकाठी आली. सकाळचं ऊन कोवळं होतं, पाण्यावरून वाफेसारखं काहीतरी उठत होतं, आणि पलीकडच्या काठाला म्हशी गळ्यापर्यंत पाण्यात शांत बसल्या होत्या. मुलांनी आधी फोटो काढले. सरोजने साडी खोचली आणि काचेची बाटली घेऊन गुडघाभर पाण्यात गेली.

"सरोजताई, बाटली पाण्याखालीच भरायची आणि खालीच झाकण लावायचं," मॅडम काठावरून म्हणाल्या. "आत एक बुडबुडासुद्धा राहता कामा नये. बाहेरची हवा नको, पाण्याच्या आतली मोजायचीय."

पाणी थंडगार होतं आणि तळाचे गोटे दिसत होते. तिने बाटली तिरकी धरली, हळूहळू भरू दिली. एक बुडबुडा काचेला चिकटून राहिला. तिने पुन्हा ओतलं, पुन्हा भरलं. तिसऱ्यांदा बाटली भरली आणि तिने पाण्यातच झाकण लावलं. काठावर येऊन मॅडमनी दिलेल्या दोन बाटल्यांमधलं औषध एकेक करून आत सोडलं आणि बाटली उलटीपालटी केली. त्या निवळशंख पाण्यात कुठून कोण जाणे, तपकिरी ढग उठले. गोल गोल फिरत, दाट होत, ते हळूहळू खाली बसायला लागले.

"किती गडद आला बघा," ऋजुता मॅडम वाकून म्हणाल्या. "प्राणवायू जितका जास्त, तितका हा गडद. म्हणजे नदी इथे छान श्वास घेतेय."

"आणि कोलशेतच्या खाडीचं पाणी घेतलं तर?" सरोजने विचारलं.

"घेऊन बघितलं नाही कधी. पुढच्या वर्षी प्रोजेक्ट असतो. तुम्ही घ्या की."

सरोजने मान डोलावली. पण ती पूर्ण तिथे नव्हती. बाटली तिने उन्हात धरली होती, तपकिरी ढग खाली बसत होते, वर पुन्हा स्वच्छ पाणी येत होतं, आणि त्या पाण्यातून पलीकडचा काठ, म्हशी, आभाळ, सगळं उलटं आणि लहान दिसत होतं.

"ताई," प्रितम ओरडला, "चिठ्ठी लावा बाटलीला! कुठली कुठली ते कळायला नको?"

"हो, हो," ती म्हणाली. चिठ्ठी आणि पेन तिच्या दुसऱ्या हातातच होतं. तिने आणखी थोडा वेळ बघून घेतलं, मग दगडावर बसून, गुडघ्यावर चिठ्ठी ठेवून, आधी जागेचं नाव लिहिलं आणि मग खाली आपलं.